मेंढरांची न्हाणी

बाशिंग्याने न्हाणीच्या तोंडाशी चारी पाय रोवले आणि तो काही केल्या हलेना. मागून माझे घरधनी त्याला रेटत होते. पुढून माझा धाकटा भाऊ तायाप्पा हातात बाभळीचा पाला धरून त्याला चुचकारत होता. बाशिंग्या दोघांनाही दाद देत नव्हता. तो आमच्या कळपाचा म्होरक्या मेंढा. कपाळावर पांढरा पट्टा होता म्हणून बाशिंग्या. तो निघाला की कळप निघायचा, तो थांबला की कळप थांबायचा. त्या सकाळी तो थांबला होता, त्यामुळे सगळी मेंढरं वाड्यात खोळंबून ओरडत होती आणि वाड्याच्या कुंपणाबाहेर वस्तीवरची रिकामी माणसं गंमत बघत उभी होती.

“तायाप्पा, आधी तू उतर की,” कुणीतरी म्हणालं. “तुझं बघून मेंढरं शिकतील.”

तायाप्पा भोळा. तो खरंच उतरला. अंगावरच्या चांगल्या कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून बाशिंग्याला ‘ये, ये राजा’ म्हणू लागला. बाशिंग्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तो मागे सरला. मग जो हशा पिकला तो विचारू नका. म्हातारी माणसंसुद्धा पोट धरून हसली. माझ्या घरधन्यांनाही हसू आवरलं नाही. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. खोटं कशाला सांगू, मलाही हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

एकच माणूस हसलं नाही, ती माझी सासू धोंडाबाई. ती कुंपणाच्या दगडावर पाय सोडून बसली होती आणि पाण्यात एकट्या पडलेल्या तायाप्पाकडे बघत होती.

धोंडाबाई आमच्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्यात आत्याच्या घरी भाची द्यायची रीत आहे, त्यामुळे सासू म्हणून ती मला नवखी नव्हती आणि लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले. आमचे आईवडील लवकर गेले. माझं माहेर म्हणजे काय, तर तालुक्याच्या गावात तायाप्पाचं पत्र्याचं वर्कशॉप आणि त्यामागची त्याची खोली. तो दारं-खिडक्या, ट्रॉल्या, नांगर असं लोखंडाचं काहीही जोडून द्यायचा. एखादी वस्तू मोडलेली दिसली की त्याला चैन पडायचं नाही. आत्या त्याला ‘इंजिनेर’ म्हणायची. थट्टेने म्हणायची, पण चार वस्त्यांवर त्याचं कौतुकही तीच सांगत फिरायची.

ती न्हाणी त्याने माझ्यासाठी बांधली होती. वस्तीला हे माहीत नव्हतं, आत्याला होतं.

मेंढरांना गोचीड लागतात, खरूज होते. लोकर कातरायच्या आधी त्यांना धुवावं लागतं आणि औषध लावावं लागतं. धुणं ओढ्याच्या डोहात व्हायचं, पण औषध लावायचं काम आम्हा बायकांचं. मेंढरू गुडघ्यात धरायचं, लोकर फाकवायची आणि बोटांनी औषध कातडीपर्यंत चोळायचं. एक झालं की दुसरं. पाच-सहा दिवस तेच. त्या वर्षी माझ्या हातांची कातडी सोलली. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबायचं तेव्हा मी चुलीपुढे दात आवळून बसायची. दिवाळीला तायाप्पा भाऊबीजेला आला. त्याला ओवाळताना ताटाची कड बोटांत रुतली, ताट हललं आणि निरांजन कलंडलं. त्याने ताट सावरलं, माझे हात उलटे करून पाहिले आणि सोडून दिले. एरवी जेवताना माझ्या स्वयंपाकाला शंभर नावं ठेवणारा माणूस त्या दिवशी मुकाट जेवला आणि मुकाट गेला.

महिन्याभरात तो टेम्पोभर लोखंडी नळ्या घेऊन हजर झाला. वाड्याच्या पलीकडे त्याने लांब, अरुंद चर खणला, विटांनी बांधला, सिमेंट फासलं. एका टोकाने आत उतरायला उतार, दुसऱ्या टोकाने बाहेर यायला चढ. दोन्ही अंगांनी नळ्यांचा कठडा, म्हणजे आत गेलेल्या मेंढराला वळता येऊ नये. वर भोकं पाडलेली नळी होती. पंपाचं इंजिन सुरू केलं की मेंढरांच्या पाठीवर फवारा. बाहेर पडल्यावर पत्र्याचा ओटा. तिथे मेंढरं निथळायची आणि औषधाचं पाणी पन्हळीतून परत चरात यायचं. मेंढरू एका बाजूने आत जाईल, पोहत दुसऱ्या बाजूने निघेल, आणि कुणाही बाईचं बोट औषधाला लागणार नाही. त्याच्या मनात तेवढंच होतं.

आणि बाशिंग्या उतरायला तयार नव्हता.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर तायाप्पा ओल्या कपड्यांनी आमच्या ओट्यावर बसला. मी चहा दिला तो त्याच्या हातात तसाच निवत राहिला. मी म्हटलं, राहू दे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, माझे हात काय आजचे आहेत का. त्याने मान हलवली. मेंढराला खाली नुसतं काळं दिसतं, उतार निसरडा आहे, पाय टाकायची भीती वाटते, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

“चूक मेंढराची न्हाय, आक्का. उताराची हाय.”

त्याने तो उतार फोडला. नवा लांबट केला, खुरांना धरायला त्यात आडव्या रेघा ओढल्या. सिमेंट वाळेपर्यंत आठवडाभर आमच्याकडेच राहिला. मग दिवस ठरला. या वेळी पाण्यात औषध घालायचं होतं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला जे जे सांगितलं होतं ते त्याने आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं. पिती कोकरं वेगळी ठेवा. जखमेचं मेंढरू घालू नका. ढगाळ दिवस नको. आदल्या दिवशी पोटभर चारा, संध्याकाळी पोटभर पाणी. का ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. चारा आणि पाणी या काय विचारायच्या गोष्टी आहेत?

आत्या सगळं ऐकून घेऊन उठली आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, “तू तुझं यंत्र बघ. मेंढराचं मी बघती.”

आदल्या दिवशी ती स्वतः कळप घेऊन निघाली. गुडघ्यांमुळे तिने रानात जाणं कधीच सोडलं होतं. घरधनी म्हणाले, आई, मी जातो. तिने ऐकलं नाही. उद्या माझ्या भाच्याचा दिवस आहे, आज मीच नेणार, असं म्हणून काठी टेकत ती डोंगराकडे गेली. चैत्राचं ऊन होतं. मी विहिरीवरून घागरी आणून वाड्यामागची मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण काठोकाठ भरून ठेवली. दिवेलागणीला ती परतली तेव्हा मेंढरं डोणीकडे धावायला बघत होती. तिने काठी आडवी धरली.

“वढ्याच्या डबक्यावर पाजूनच आणल्यात,” ती म्हणाली. “आत घाल समदी.”

मी वाड्याचं फाटक लावलं. मेंढरं बराच वेळ ओरडत होती. कोकरं वेगळी ठेवली म्हणून ओरडतात, असं मला वाटलं.

सकाळी मागच्यापेक्षा जास्त माणसं जमली. फजिती फुकट बघायला मिळते म्हटल्यावर कोण घरी बसेल. तायाप्पाने मापाने औषध ओतलं, बांबूने ढवळलं, पाणी दुधाळ झालं. मग तो टोकाला दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं बेचकं, लावलेली काठी घेऊन चराच्या कडेला उभा राहिला. मेंढराचं डोकं एकदा तरी पाण्याखाली जायला हवं, नाहीतर कानातले गोचीड राहतात. त्यासाठी ती काठी होती. घरधन्यांनी फाटक उघडलं.

बाशिंग्या न्हाणीच्या तोंडाशी आला. त्याने नाक फेंदारून वास घेतला आणि कुणी काही करायच्या आत उतारावरून धावत सुटला. त्याच्यामागे कळप. एकावर एक, जागा मिळेल तशी मेंढरं पाण्यात पडत होती. रेटायला कुणी लागलं नाही, चुचकारायला कुणी लागलं नाही. काठीचंही काम पडलं नाही. आपापलं डोकं खाली घालत, फवाऱ्याखालून भिजत मेंढरं पलीकडे चढत होती आणि ओट्यावर उभी राहून अंग झाडत होती.

ज्याने तायाप्पाला पाण्यात उतरायला सांगितलं होतं तोच पुढे येऊन, आमच्या वाड्याला अशी कधी बांधतोस, असं विचारू लागला. तायाप्पाचं तिकडे लक्ष नव्हतं. चराच्या पलीकडून तो माझ्याकडे बघत होता. इतकं सुख मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

“आक्का,” तो म्हणाला, “हात बघ तुझं. कोरडं हायत.”

आत्याने न्हाणीपुढे नारळ फोडला आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मी पुरण शिजत टाकलं.

दुपारी मी पोळ्या लाटत होते. घरधन्यांनी मला हाक मारली ती अशी की मी लाटणं टाकून धावले. बाशिंग्या पडला होता. तोंडाला फेस, पाय झाडत होता, डोळे वर गेलेले. त्याच्या शेजारी दुसरं पडलं, मग तिसरं. जी उभी होती त्यांचे पाय लटपटत होते आणि तोंडातून लाळ गळत होती. कुणीतरी मोटारसायकलवरून डॉक्टरांना आणलं. त्यांच्याजवळ होती तेवढी इंजेक्शनं त्यांनी दिली. मग त्यांनी तायाप्पाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारलं. तो वाड्याला वळसा घालून मागे गेला. मी दारातून पाहिलं, तो डोणीपाशी उभा होता. आत वाकून बघत होता. मला वाटलं, तोंड धुवायला गेला असेल. थोड्या वेळाने तो परत आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “औषध माझ्या हातनं जास्त पडलं.”

दिवस मावळेपर्यंत निम्म्याहून जास्त कळप गेला. आत्या एकेका मेंढरापाशी बसत होती. प्रत्येकाचं नाव तिला ठाऊक होतं. नाव घ्यायची, मानेखाली हात घालायची, मान लुळी पडली की पुढच्याकडे जायची. रडली नाही. शेवटी बाशिंग्यापाशी आली, त्याच्या कपाळावरचा पट्टा पुसल्यासारखा हात फिरवला आणि मग तायाप्पाकडे वळली.

“माझ्या भावाचं रगत हायस म्हणून जित्ता सोडती,” ती म्हणाली. “ह्या घराला परत तुझा पाय लागता कामा नये. हिचाबी तुझ्या दाराला लागणार न्हाय.”

तायाप्पा खाली मान घालून उभा होता. मी माझ्या भावाच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं, पण बोलणार काय? त्यानेच कबूल केलं होतं.

मेली मेंढरं पुरायला एवढा मोठा खड्डा आयता कुठे मिळणार? दुसऱ्या दिवशी औषधाचं पाणी उपसून टाकलं आणि त्या न्हाणीतच ती पुरली. माती तायाप्पाने एकट्याने लोटली. कुणी हात लावला नाही, त्यानेही लावू दिला नाही. कठड्याच्या नळ्या त्याने घणाने पाडल्या आणि तिथेच टाकून पायी निघून गेला.

पुढे त्याने वर्कशॉप मोडलं. सांगलीकडच्या एका कारखान्यात कामाला लागल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. स्वतःच्या डोक्याने त्याने परत काही बनवलं नाही. आमच्याकडेही कळप परत उभा राहिला नाही. उरलेली मेंढरं काही वर्षांत पांगली आणि घरधनी एका कुक्कुटपालनावर कामाला जाऊ लागले. औषध चोळायचं काम संपलं, माझे हात बरे झाले. त्या हातांकडे बघून मला बरं वाटायचं नाही.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. माझा भाऊ एका दिवसाच्या वाटेवर धडधाकट होता आणि मी दर वर्षी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत होते. आत्या ओसरीवरून बघायची. एकदा तिने हाक मारली, “हौशे, थंडीत उभी ऱ्हाऊ नगंस, आत ये.” तेवढंच. माझा तिच्यावर राग होता का? होता. पण तायाप्पावर त्याहून जास्त होता. एवढं डोकं होतं याला, आणि एक माप नीट ओतता आलं नाही, असं मला वाटायचं. या विचारात माझी पोरं मोठी झाली, केस पिकले.

मग आत्या अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मीच करायची. एक दिवसाआड तिला खाटेवर बसवून कोमट पाण्याने अंघोळ घालायची. पाणी अंगावर पडलं की तिला बोलायची हुक्की यायची. नाहीतर दिवस दिवस गप्प. श्रावणातली एक सकाळ. मी तिची पाठ चोळत होते आणि ती आपल्या सासऱ्याच्या गोष्टी सांगत होती. ती नवी नवरी होती तेव्हा कळप केवढा, तो डोहात कसा धुवायचा.

“मेंढरू पाण्याला भितं,” ती म्हणाली. “पर मामंजींची एक रीत हुती. आदल्या दिशी पाणी दावायचं न्हाय. उन्हाचं डोंगरानं फिरवायचं. दुसऱ्या दिशी डोह दिसला की मेंढरं सोताहून उड्या टाकायची.”

मग ती खुदकन हसली. बोळक्या तोंडाचं ते हसू मला अजून दिसतं.

“तुझ्या भावाच्या येळंला म्या तेच केलं. त्याला वाटलं, उतार बदलला म्हणून गेली. काय करू मग? भर माणसात पोर पाण्यात उभं, आन सारी वस्ती हसत हुती. माझ्या भावाचं पोर ते. मला बघवलं न्हाय.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मेंढरं पोहली, औषध जास्त होतं म्हणून कातडीतून भिनलं आणि मेली, असंच तिच्या डोक्यात होतं. ती बोलतच होती. पुढे घडायचं ते घडलं, पण मेंढरं कशी झोकात गेली, नाही का गं?

“आन हे त्याला कदी सांगू नगंस,” ती म्हणाली. “आदीच खचलंय. यंत्रबी चाललं नव्हतं म्हटल्यावर जिवाला लागंल त्येच्या.”

मी तिचं अंग पुसलं, लुगडं नेसवलं, तिला निजवलं. मग वाड्यामागे जाऊन त्या डोणीपाशी बसले. पोटभर पाणी का पाजायचं ते मला त्या दिवशी कळलं. तहानेली मेंढरं पोहली नव्हती. ती प्यायली होती. आपापलं डोकं ती खाली घालत होती ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

डोळे तपासायचे आहेत असं घरी सांगून मी सांगलीची एसटी धरली. तायाप्पाची एक खोली होती, भिंतीला एक कॉट, कोपऱ्यात स्टोव्ह. लग्न त्याने केलंच नव्हतं. मला दारात बघून तो आधी घाबरला, कुणी गेलं की काय म्हणून. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून तो कोसळेल, नाहीतर सुटल्यासारखा रडेल. तो माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

“मला ठावं हाय, आक्का,” तो म्हणाला. “तवाच कळलं.”

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं होतं, मेंढरांना आधी पाणी पाजलं होतं का. तो डोण बघायला गेला. डोण काठोकाठ भरलेली होती. पडलेल्या मेंढरांची पोटं टम्म फुगली होती आणि तोंडाला औषधाचाच वास होता. मग आदल्या दिवशी मेंढरं कुणी चारली ते त्याला आठवलं. तो परत आला आणि आत्याकडे पाहिलं. ती एका मेंढीची मान मांडीवर घेऊन बसली होती.

“तिनं माझ्यासाठी केलं हुतं,” तो म्हणाला. “माझं हसं हुईल म्हणून. आन तिची लेकरं हुती गं ती. आपल्या हातानं मेली, हे कळल्यावर ती म्हातारी चार दिस जगली असती व्हय? मला काय, शिव्या बसल्या. शिव्यांनी माणूस मरत न्हाय.”

“आन मी?” मी म्हटलं. “माझा रं काय गुन्हा? मी चंद्राला ओवाळत बसली, त्याचं काय?”

तो कॉटच्या कडेला बसून आपले हात बघत राहिला. ते हात आता माझ्या तेव्हाच्या हातांसारखे झाले होते, भाजलेले, चिरा पडलेले. मला त्याचा इतका राग आला की मी पाणी न पिता उठले. तो एसटी स्टँडपर्यंत माझ्यामागून चालत आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “तिला सांगू नगंस. मी हात जोडतो.”

मी सांगणार होते. सगळ्या वाटेत मी तेच ठरवत होते. भावाची इतकी वर्षं गेली, माझं माहेर गेलं, आणि ज्या बाईमुळे गेलं ती खाटेवर पडून खुदकन हसते. एकदा तरी तिला कळू दे. पण घरी आले की तिला उठवायचं असे, भरवायचं असे. सांगू म्हणता म्हणता दसरा गेला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी तिनेच मला हाक मारली. तिचा आवाज खोल गेला होता.

“तायाप्पाला बोलीव,” ती म्हणाली. “डोळं मिटायच्या आदी त्येला माफ करायचंय. उगाच ते वझं वर कशाला न्यायचं?”

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते गिळून निरोप पाठवला.

भाऊबीजेला तायाप्पा आला. अंगणात क्षणभर थांबला, जिथे न्हाणी होती तिकडे बघितलं. तिथे आता एरंड माजला होता. मग उंबरा ओलांडून आत आला आणि आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने चाचपडत त्याचं डोकं धरलं. केस पांढरे झाले की रं तुझे, म्हणाली. घरधन्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी पाट मांडला, ताट तयार केलं, निरांजन लावलं.

“म्या तुला माफ केलं, पोरा,” आत्या म्हणाली. “माप चुकलं तुझं. कुणाचंबी चुकतं.”

तायाप्पाने मान खाली घातली. “व्हय आत्या. चुकलं.”

“पर यंत्र झाक हुतं. कशी गेली मेंढरं, सांग. कुणी रेटली न्हाईत, का हाकलली न्हाईत.”

“आपसुक गेली,” तायाप्पा म्हणाला.

“आपसुक,” आत्या म्हणाली आणि उशीवरून मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. बोलू नकोस, पोराच्या जिवाला लागेल, असं तिच्या डोळ्यांत होतं. त्याच वेळी पाटावर बसलेल्या तायाप्पानेही माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतही तेच होतं.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ताट उचललं, भावाला कुंकू लावलं आणि ओवाळलं.